उलट्या अंगाची धार

उद्यमनगर, कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९९८

ती. झुंबरआत्तीस नागसेनचा जयभीम.

तू मुरगूडला निघून गेल्यापासून माझ्या हातानं झालेल्या वस्तू अशा. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला धरायची दांडी, सव्वा इंची पाइपाची, जोड कुठंही हाताला लागणार नाही इतकी घासलेली. न्हाणीत बसायची खुर्ची, बैठक सतरा इंच उंच, पायांना रबरी बूट. डोक्याकडची बाजू वर येणारा पलंग. हँडल फिरवायचं की झालं. त्याचा स्क्रू मी चौकोनी आट्याचा कापलाय, म्हणजे तुझं वजन पडलं तरी आपोआप खाली सरकणार नाही. आधार धरून चालायचा चार पायांचा घोडा, बत्तीस इंच. आणि भाकरीचं यंत्र. बिडाच्या दोन ताटल्या लेथवर फेस मारून आरशासारख्या केल्यात. मधे पिठाचा गोळा ठेवायचा, डाव्या हातानं दांडा दाबायचा, साडेसात इंचाची भाकरी तयार. उजव्या हाताचं कामच नाही.

आयटीआयचा कागद माझ्याकडं नाही, कुणी मास्तर नाही, तरी उद्यमनगरातले शिकलेले लोक हे यंत्र बघून गेले. एकानं विचारलं, "ड्रॉइंग कुठाय?" मी डोक्यावर टिचकी मारली.

खोली तयार आहे, आत्ती. डिसेंबरात तुझ्या अंगावरनं वारं गेलं, उजवा हात गेला, पाय ओढायला लागला. दवाखान्यातनं सुटल्यावर तू आमच्यात राहिलीस. दुपारी माझ्या शेडात स्टुलावर बसून लेथ बघत होतीस. मला वाटलं, रमली. आणि एके सकाळी शेजारच्या पिराजीला बोलावून घेऊन एस.टी.त बसलीस! तुझी सून शालन अजून म्हणते, "माझ्या हातचं काही चुकलं का?"

आता सरळ लिहितो. मुरगूडची जागा तात्यांच्या नावची, त्यांच्या माघारी माझ्याकडं आली. ती गावाबाहेरची म्हणून आपल्या वाट्याला आली होती. आता निपाणी रोड तिच्या दारातनं जातो. निपाणीचे खतवाले गणपतराव तिथं गोडाऊन बांधायचं म्हणतायत. मी जयंतीपर्यंत सांगतो म्हटलंय. माझं शेड भाड्याचं, आणि मालकानं खाली करायला सांगितलंय. या पैशात स्वतःचं शेड होतंय. चंद्री म्हस पिराजी घेईल, ती आता त्याच्याच गोठ्यात आहे.

एका हाताचं माणूस एकटं राहू शकत नाही. हे रागानं लिहीत नाही, हिशोबानं लिहितोय.

तुझा
नागसेन

*

मुरगूड
२६ फेब्रुवारी

नागसेनास आत्तीचा जयभीम.

अक्षार वाकडं हाय. डाव्या हाताचं हाय. उजव्याला सांगून दमले, त्ये ऐकत न्हाय. मग डाव्याला साळंत घातलं. पाटीवर गिरवून गिरवून आज कागदाला हात लावला. तू ल्हान हुतास तवा तुजं बी असंच व्हतं, ग काढला की उताना पडायचा.

शालनचं काय चुकलं न्हाय. तिला सांग. चांगली पोर हाय.

चंद्रीला पिराजीकडनं घरी आणली. इकायची न्हाय.

भाकरी दाबून हुतीया व्हय रं? दाबतोय त्यो पापड.

जागा तुज्या बापाची, म्हंजी तुजी. मी नवऱ्यामागं भावाच्या दारात आल्याली. इक म्हणायला न्हाई ठेव म्हणायला माजं तोंड न्हाय. पर जयंतीपातूर थांब. आणि मी बोलवल्याबिगार यिऊ नगंस.

हात दुखाय लागला. डावा.

झुंबर

*

कोल्हापूर
८ मार्च

ती. आत्तीस जयभीम.

तुझं अक्षर बघून शालननं डोळे पुसले. मी मात्र भिंगाखाली धरून बघितलं. पहिल्या तीन ओळी थरथरत्या, मग हात बसत गेलाय, शेवटची ओळ जवळजवळ सरळ. चांगलं आहे.

पण आता दुसरी गोष्ट. परवा पिराजीचा एस.टी.डी. बूथवरनं फोन आला. तो तुझ्या शेजारचा, तुझं वाईट चिंतणार नाही, म्हणून मी ऐकून घेतलं.

म्हणाला, "दादा, म्हातारीचं काय खरं न्हाय."

"का? पडली?"

"पडली न्हाय. म्हशीच्या उलट्या अंगाला जाऊन बसत्या."

"म्हणजे?"

"आपण डाव्या अंगानं धार काढतो का न्हाई? ही उजवीकडं बसत्या. बादली न्हाय, काय न्हाय. नुसती बसत्या. म्हशीसंगं बोलत्या. परवा म्हशीनं लाथ घातली, ही बाजूला सरकली आणि परत तिथंच बसली. धार मीच काढून देतोय. गल्लीत म्हणत्यात, वारं डोक्यात बी गेलं."

आत्ती, पंचेचाळीस वर्षं तू म्हशी राखल्यास. म्हशीच्या कुठल्या अंगाला बसायचं हे तू मला शिकवलंस. उजव्या अंगाला गेलो म्हणून पाठीत धपाटा घातला होतास, मी सात वर्षांचा असेन. तूच आज ते विसरलीस, तर मी काय समजायचं? डॉक्टर म्हणाले होते, असा झटका आलेल्यांचं कधीकधी डोकं गोंधळतं. मी तेव्हा मान हलवली, मनात म्हटलं, आमच्या आत्तीचं नाही गोंधळायचं.

गणपतरावांना मी जवळजवळ होकार कळवलाय. म्हशीच्या पायाखाली तुला सापडू द्यायची माझी तयारी नाही. तोवर घोडा आणि भाकरीचं यंत्र एस.टी.च्या टपावरनं पाठवतोय, कंडक्टर ओळखीचा आहे. घोडा वापर. पाय घसरू देऊ नको. यंत्राला आधी तेल लावून पूस.

नागसेन

*

मुरगूड
१७ मार्च

नागसेनास जयभीम.

घोडा पोचला. लई देखणा हाय. त्येच्यावर घेवडा चढवलाय. आठ दिसांत येल वरच्या दांडीला लागला. तुज्या यंत्राखाली कैऱ्या दाबून ठेवल्यात, लोणच्याला. पाणी ब्येस सुटतंय. वजनदार हाय.

रागावू नगंस. घोडा माज्या कमरंच्या वर येतोय. बत्तीस इंच कुणाचं मापलंस रं? तू साळंत हुतास तवाची आत्ती मापलीस. म्हातारं माणूस खाली खाली जातंय, ठावं न्हाय का तुला? मी म्हयनाभर तुज्या डोळ्याम्होरं बसले, एकदा टेप लावला न्हाईस.

पिराजीला काय कळतंय? त्येला म्हस कळत न्हाय, माणूस कळत न्हाय, फोन तेवढा कळतोय. त्येला म्हनावं, डोकं आपल्या जागी हाय, बाकीचं हालतंय.

मी येडी झाले का न्हाई त्ये कागदावर कसं दावू? आता ये. गणपतरावाला बी आणायचा तर आण. म्हयना सपायच्या आत ये, शिळं झाल्यावर नगं.

झुंबर

*

कोल्हापूर
५ एप्रिल

ती. आत्तीस जयभीम.

तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही. परतीच्या एस.टी.त शालनशेजारी पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून बसलो होतो. ती म्हणाली, "पोट दुखतंय का?" म्हणून आता लिहितोय. तूच केलेलं तुलाच सांगतोय, पण मला ते एकदा नीट मांडल्याशिवाय चैन पडणार नाही. माझ्या कामाची रीतच तशी आहे.

मी सकाळी येतो म्हटलं होतं. खोटं नाही सांगत, मुद्दाम आदल्या संध्याकाळी आलो. तू बेसावध असताना बघायचं होतं. शालनला पिराजीच्या घरी बसवलं आणि गोठ्याच्या कुडामागं उभा राहिलो. वेळ धारेची.

तू आलीस ती भिंतीच्या कडेनं. मी तिथं दांडी लावली असती. तू चुन्याचा पट्टा ओढलेला, पावलाच्या अंतरानं. उजवा पाय त्या पट्ट्यावर ओढत आणत होतीस, म्हणजे तो वाकडा जातोय का हे खाली बघितलं की कळतं. बादली डाव्या हातात. ती तू मांडीत धरली नाहीस. सायकलच्या जुन्या टायरची रिंग जमिनीवर होती, तीत बसवलीस. बादली हलली नाही. मग चंद्रीच्या उजव्या अंगाला बसलीस.

आत्ती, तेव्हा मला कळलं. लेथवर सव्वीस वर्षं उभा राहणाऱ्या माणसाला ते बघितल्याशिवाय कळू नये! म्हशीच्या डाव्या अंगाला बसलं की तिचा मागचा पाय आपल्या उजव्या हाताकडं येतो. कासही तिकडंच. तुझा उजवा हात गेलेला. डावा तिथवर पोचायचा तर आडवा न्यायचा, आणि लाथ आली तर अडवायला काही नाही. उजव्या अंगाला बसलं की सगळं फिरतं. कास डाव्या हाताखाली, पाय डाव्या हाताजवळ. यात चूक काही नव्हतीच. तूच तेवढी बरोबर बसली होतीस, आणि बाकी गाव उलट्या अंगाला होतं.

पण हे तुला कळून काय उपयोग? ते म्हशीला कळायला पाहिजे. नऊ वर्षं जिला एकाच अंगानं हात लागलाय, ती दुसऱ्या अंगाला पान्हा कशी सोडेल? रात्री तू मला सांगितलंस, भाकरी थापता थापता, जसं कुणाचं तरी दुसऱ्याचं सांगावं. आधी नुसती त्या अंगाला बसत होतीस, पेंड चारत. मग नारळाच्या काथ्यानं तेवढंच अंग खरवडून काढायचीस. मग रेडकाला त्या बाजूनं लुचायला लावलंस. तिनं लाथ घातली तेव्हा उठून गेली नाहीस, कारण उठली असतीस तर तिला कळलं असतं की लाथ चालते.

मी कुडामागनं बघितलं ते एवढंच. तुझा उजवा हात तू डाव्यानं उचललास, एखादं भांडं उचलावं तसा, आणि चंद्रीच्या पोटावर टेकवून ठेवलास. तळवा उघडा. मग डाव्या हातानं कास पुसलीस, आणि थांबलीस. चंद्रीनं मान वळवून बघितलं, तुझ्या खांद्याला नाक लावलं. मग बादलीच्या तळावर पहिली धार वाजली.

मी नंतर विचारलं, त्या हाताला काही कळतंय का? तू म्हणालीस, "हाताला म्हस कळत न्हाय. पर म्हशीला हात कळतोय की."

मी बरीच मशिनं बघितलीत, आत्ती. जर्मन बघितलंय, जपानी बघितलंय. असं चालू होताना कुठलं बघितलं नाही.

आणि भाकरी! तू जात्याचा खुंटा काढून टाकलेला आणि वरच्या तळीवर परात ठेवलेली. डाव्या हातानं दोन थापा, मनगटानं परातीच्या काठाला एक ढकल. तळी फिरते, परात फिरते, भाकरी फिरते. हात जागच्या जागी. शालन म्हणाली, "अहो, हे तर तुमचं—"

तू म्हणालीस, "मग? म्हयनाभर स्टुलावर बसून काय माशा मारल्या व्हय? त्येच्या लेथवर माल फिरतोय आणि हत्यार गप उभं ऱ्हातंय. मी म्हटलं, आपलं हत्यार बी गप उभं करू."

मी भाकरी मोजली. तू हसलीस, पण मोजली. एका कडेला अर्धं सूत जाड. फुगली मात्र पुरी. मी शेडात तुला सोबत म्हणून बसवलं होतं. तू तिथनं शिकून गेलीस आणि मला पत्ता नाही.

सकाळी गणपतराव आले. त्यांचं आणि तुझं बोलणं मी इथं शेडात सगळ्यांना सांगितलं, कारागीर पोट धरून हसले.

ते म्हणाले, "आजी, भाच्यानं खोली झकास केल्या. आता कोल्हापुरात बसून खायचं."

"बसूनच खातोय की, पावणं. उभ्यानं कोण खातंय?"

"तसं न्हवं. आराम म्हणतोय मी. ह्या वयात कशाला हाल?"

"गोडाऊन कुठवर येणार तुमचं?"

"ह्या गोठ्यापातूर."

"मग म्हशीला इचारा. तिला एक अंग बदलायला म्हयना लागला. तुमच्याकडं म्हयना हाय का?"

गणपतराव हसले, चहा प्याले, दूध चांगलं आहे म्हणाले. मग टेपचं एक टोक त्यांनी धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. रस्त्यापासून आत मोजत मी गोठ्याच्या दारापर्यंत आलो. आत तू उभी होतीस, चंद्रीच्या उजव्या अंगाला. मी म्हटलं, "राहू द्या, गणपतराव. मी कळवतो." टेप त्यांच्याकडं सुर्रकन परत गेला.

काय कळवणार हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. शेड सोडायला मालकानं मेअखेरची मुदत दिलीय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुझा
नागसेन

*

मुरगूड
१८ एप्रिल

नागसेनास जयभीम.

तुजं पत्र पिराजीकडनं दोनदा वाचून घेतलं. मला येतंय वाचाय, पर त्येला ऐकवायचं हुतं. येडी म्हणत हुता न्हवं? वाचताना घाम फुटला त्येला. आता गल्लीत सांगत फिरतोय, मीच म्हातारीला म्हणलं हुतं उजवीकडनं बसून बघ.

जयंती झाली. मिरवणुकीत मी चालले. सगळी न्हाय, चावडीपातूर. मग पोरींनी टॅक्टरात बसवलं.

आता कामाचं. गणपतराव काल दारातनं गेला, थांबला न्हाय. म्हंजी तू काय तरी कळवलंस. न्हाय म्हणालास का? माज्यापायी म्हणालास का?

आसं करू नगंस. बापाच्या माघारी तू उपाशी ऱ्हाऊन ती पयली मशीन घेतलीस, मला ठावं हाय. जवारीच्या कण्या खाल्ल्यास आणि मला सांगितलंस खानावळीत जेवतो. तुज्या डोक्यावर सोताचं पत्रं पायजे. मी यीन कोल्हापुरात. मनापासनं सांगते. दांडी धरीन, पलंगावर निजीन. मला काय, एकदा शिकले तसं परत शिकीन. चंद्रीला घिऊन यीन तेवढं. तुज्या नव्या शेडात एका कोपऱ्यात बांधू, तिला बी लेथ बघू दे. काय सांगावं, म्हस हाय, शिकंल.

मी हितं ऱ्हाऊन दावलं. एवढंच दावायचं हुतं. आता कुटं बी ऱ्हाईन.

खरं सांग, किती देत हुता? लपवू नगंस. शालनची शपथ.

झुंबर

*

कोल्हापूर
२६ एप्रिल

ती. आत्तीस जयभीम.

आज रविवार, शेड बंद. मी एकटाच आलो आणि उजवा हात पट्ट्यानं कमरेला बांधून लेथ चालू केला. साधं काम घेतलं, एक इंची सळीला फेस मारायचा. नवीन पोरगं पहिल्या आठवड्यात करतं ते. मापी गेज धरता येईना, टूल बसवता येईना, चक आवळताना किल्ली पायावर पडली. दुपारपर्यंत एक सळी झाली, तीही सूतभर उतरती. पट्टा सोडला आणि खाली बसलो.

मी एक्कावन्न वर्षांचा. एका दिवसात रडकुंडीला आलो. तू सत्तरीची, आणि लिहितेस, परत शिकीन. आत्ती, तू खरंच शिकशील, यात मला शंका नाही. म्हणून तर भीती वाटली. तुला जे जमतं ते तुझ्याकडनं करून घेत राहायचं, असं होऊ नये. यावेळी दुसऱ्या कुणाची तरी पाळी आहे.

तर ऐक. शिरोलीला एका ओळखीच्याच्या शेडात अर्धी जागा मिळतेय. माझं शेपिंग मशीन तिथं मावत नाही, ते विकलं. मोठा लेथ आणि ड्रिल तेवढं नेतोय. रोज बसनं जायचं, दुसऱ्याच्या किल्लीनं कुलूप उघडायचं. या वयात कुणाला विचारून मशीन चालू करायचं म्हणजे मला जड जाईल. शालन म्हणाली, "काही दिवस नुसतं जाऊन बसा तिथं." मी तिच्याकडं बघितलं. ती गंभीर होती.

खोली मोडलेली नाही. पावसाळ्यात तुला यावंसं वाटलं तर ये, आणि कंटाळा आला की एस.टी.त बस. मी अडवणार नाही. दांडी मात्र साडेपाच इंच खाली घेतली.

तू शपथ घातलीस म्हणून शेवटचं सांगतो. गणपतराव बुधवारी माझ्याकडं येऊन गेले. आधीच्या बोलीवर त्यांनी पंचवीस हजार वाढवले, आणि गोठ्याची बाजू सोडून उरलेलीच जागा द्या, असंही म्हणाले. मी म्हटलं, आत्तीचं घर रस्त्याकडंच, तिथनंच ती चुन्याच्या पट्ट्यावरनं गोठ्यात येते. चहा घेऊन ते गेले. त्यांचा राग नाही.

सगळ्या जागेची त्यांची वाढवलेली बोली, रोख, एकरकमी, एक लाख पंच्याऐंशी हजार. मी नाही म्हणालो.

तुझा
नागसेन